लोहगाव

लोहगाव : महाराष्ट्राच्या पुणे जिल्ह्यातील हवेली तालुक्यातले जुने गाव, हल्ली पुणे महानगरपालिकेच्या हद्दीतील उपनगर. पुणे शहराच्या मध्यापासून ईशान्येस सुमारे १० किमी. संत तुकारामांचे आजोळ, भारतीय हवाई दलाचा तळ आणि पुण्याचा नागरी विमानतळ म्हणून प्रसिद्ध. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमधून जर्मनीवर हल्ले करणारे अमेरिकी बनावटीचे ‘बी-२४ लिबरेटर’ हे जड बॉम्बफेकी विमान जगभरच्या हवाई दलांतून बाद झाल्यावरही लोहगावात १९६८ अखेरपर्यंत कामावर होते. त्यामुळे या विमानाच्या इतिहासात लोहगावला स्वतंत्र स्थान आहे.

स्थान व हवामान : लोहगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ५९० मी. उंचीवरील पठारी माळावर वसले आहे. धानोरी, वाघोली, वडगाव शिंदे, खराडी आणि विमाननगर हा त्याचा शेजार. झाडझाडोरा विरळ असल्याने व धावपट्टीचा परिसर उघडा असल्याने उन्हाळ्यात येथील पारा पुणे शहरापेक्षा बहुधा वर असतो. शिवाजीनगर आणि लोहगाव अशा दोन वेधशाळांचे तापमान पुण्याच्या वृत्तपत्रांत वेगवेगळे छापले जाते, ते याचमुळे.

वारकरी परंपरा : तुकारामांच्या मातोश्री कनकाई लोहगावच्या. देहूखालोखाल तुकोबांची कीर्तने येथे झाली, असे संप्रदाय मानतो. त्यांच्या नादी लागलेल्या शिवबा कासाराच्या बायकोने रागाच्या भरात त्यांच्या अंगावर कढत पाणी ओतल्याची कथा याच गावची. गावात तुकारामांचे मंदिर असून बीजेला व वारीच्या काळात तेथे भजन-कीर्तन चालते.

तळाची उभारणी : मुंबई बंदराला हवाई संरक्षण मिळावे म्हणून ब्रिटिशांनी १९३९ मध्ये लोहगावच्या माळावर विमानतळ बांधला. समुद्रावरून येणाऱ्या विमानांच्या माऱ्यापासून दूर, तरी मुंबईपासून हवाई मार्गाने सव्वाशे किमी.च्या आत, अशी ही जागा होती. युद्धकाळात ब्रिटिश रॉयल एअर फोर्सची वेलिंग्टन व मॉस्किटो ही बॉम्बफेकी आणि थंडरबोल्ट ही लढाऊ विमाने येथे असत. स्वातंत्र्यानंतर तळ भारतीय हवाई दलाकडे आला.

लिबरेटर : या विमानाचा नमुना २९ डिसेंबर १९३९ रोजी कॅलिफोर्नियातील सॅन दिएगो येथे प्रथम उडाला. युद्ध संपेपर्यंत अठरा हजारांहून अधिक लिबरेटर तयार झाले. इतक्या संख्येने दुसरे कोणतेही जड बॉम्बफेकी विमान कधी बनले नाही. डेट्रॉइटजवळच्या विलो रन येथील फोर्डच्या कारखान्यातून १९४४ मध्ये ऐन भरात तासाला एक लिबरेटर बाहेर पडत असे. पंखांचा विस्तार ३३.५ मी., प्रत्येकी १,२०० अश्वशक्तीची चार ‘प्रॅट अँड व्हिटनी’ इंजिने आणि दहा-अकरा जणांचा चमू असे त्याचे स्वरूप होते. लांब, अरुंद पंखांमुळे ते इतर समकालीन विमानांपेक्षा दूरवर जाई. मात्र मार लागल्यावर तग धरण्यात अमेरिकेचेच ‘बी-१७’ हे बॉम्बफेकी विमान त्याच्यापेक्षा सरस मानले जाई.

विमानाच्या पोटात बॉम्बच्या दोन कप्प्यांमधून जेमतेम वीतभर रुंदीची पट्टी जाते. पुढच्या भागातून मागच्या तोफांकडे जायचे तर उडत्या विमानात याच पट्टीवरून, हात दोन्ही बाजूंच्या सांगाड्यावर ठेवून जावे लागे. बॉम्बकप्प्याची दारे खाली उघडत नसत. दुकानाच्या शटरसारखी ती विमानाच्या कुशीवर वर सरकत. त्यामुळे दारे उघडी असतानाही हवेचा अडथळा कमी राही. पुढील चाकामुळे हे विमान जमिनीवर आडवे उभे राही आणि धावपट्टीवर वैमानिकाला समोरचे नीट दिसे.

इंग्लंड व बंगालमधील पथके : अमेरिकेच्या आठव्या हवाई दलाने १९४२ पासून पूर्व इंग्लंडमधील नॉर्फोक व सफोक परगण्यांत शेतजमिनींवर धावपट्ट्या बांधून बॉम्बफेकी गट ठेवले. त्याच्या ‘सेकंड एअर डिव्हिजन’मध्ये लिबरेटरचे चौदा गट होते. त्यांपैकी ४४६ वा गट सफोकमधील बंगे येथे नोव्हेंबर १९४३ मध्ये आला. ७०४ ते ७०७ क्रमांकांची चार पथके त्यात होती. १६ डिसेंबर १९४३ रोजी ब्रेमेनवर त्याने पहिला हल्ला केला आणि ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर आठव्या हवाई दलाच्या जड विमानांची पहिली फळी याच गटाच्या पुढारीपणाखाली गेली. गटातील लोक स्वतःला ‘बंगे बकारूज’ म्हणवीत. नॉर्फोकमधील रॅकहीथ येथे ४६७ वा गट होता. त्याच्या ‘विचक्राफ्ट’ नावाच्या लिबरेटरने १३० मोहिमा केल्या आणि एकही मोहीम अर्ध्यावर सोडून परतले नाही, अशी त्याची ख्याती आहे.

याच प्रकारच्या विमानांनी भारतातूनही युद्ध केले. अमेरिकेचा सातवा बॉम्बफेकी गट बंगालमधील पांडवेश्वर येथून ब्रह्मदेशातील रेल्वेमार्ग व पुलांवर हल्ले करीत असे. २७ डिसेंबर १९४४ रोजी प्यिनमाना येथील पुलावर त्याने रेडिओने दिशा देता येणारे ‘ॲझॉन’ बॉम्ब टाकले. आजच्या मार्गदर्शित बॉम्बांच्या पूर्वजांपैकी हा एक प्रयोग होय. सालबोनी, दिगरी, धुबालिया या बंगालमधील तळांवर रॉयल एअर फोर्सची लिबरेटर पथके होती. त्यांची विमाने ‘लेंड-लीज’ म्हणजे उसनवारीच्या कराराखाली अमेरिकेकडून मिळालेली होती.

कानपूरचा भंगारसाठा : लेंड-लीज करार १९४५ मध्ये संपुष्टात आला आणि उसनी विमाने परत करा किंवा निकामी करा, असा नियम लागू झाला. इतकी विमाने महासागर ओलांडून नेण्याचा खर्च अमेरिकेला नको होता. रॉयल एअर फोर्सने भारतातील लिबरेटर कानपूरजवळच्या चकेरी तळावर गोळा केले आणि पुन्हा उडता येऊ नयेत अशा रीतीने त्यांची मोडतोड केली. दोन-तीन पावसाळे ती उघड्यावर पडून होती.

फाळणीनंतर भारतीय हवाई दलाकडे एकही जड बॉम्बफेकी विमान नव्हते आणि परदेशातून नवे घ्यायला पैसाही नव्हता. तेव्हा बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्ट कारखान्याने कानपूरच्या ढिगाऱ्यातून विमाने उभी करण्याचे काम १९४८ मध्ये अंगावर घेतले. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी डिसेंबर १९४० मध्ये हा कारखाना काढला होता. युद्धाच्या उत्तरार्धात तो अमेरिकी हवाई दलाच्या ताब्यात होता आणि तेथे अमेरिकी विमानांची व इंजिनांची दुरुस्ती चाले. लिबरेटरची इंजिने ज्या घराण्याची, त्याच घराण्याची इंजिने डाकोटा विमानांवर असत व डाकोटा भारतात मुबलक होते. त्यामुळे कामगारांना यंत्राची ओळख होती आणि सुटे भागही मिळवता येत होते.

तंत्रज्ञांची एक तुकडी कानपुरास गेली. एका विमानाचा पंख, दुसऱ्याचे शेपूट, तिसऱ्याची उपकरणे, असे जुळवून त्यांनी एकेक विमान एका उड्डाणापुरते ठाकठीक केले. ते तेथून सुमारे १,५०० किमी. वरील बंगळुरास न्यायचे होते. कारखान्याचे चाचणी वैमानिक जमशेद कैकोबाद मुन्शी यांनी ही जोखीम पत्करली आणि अर्ध्यामुर्ध्या उपकरणांवर एकामागून एक विमाने बंगळुरास पोचवली. तेथे त्यांची संपूर्ण दुरुस्ती झाली. अशा रीतीने चाळीसच्या आसपास लिबरेटर पुन्हा उडू लागले.

लोहगावातील लिबरेटर : नोव्हेंबर १९४८ मध्ये कानपूर येथे उभे राहिलेले ५ क्रमांकाचे पथक हे भारतीय हवाई दलाचे पहिले जड बॉम्बफेकी पथक. पुढे ते पुण्यास आले. १९५७ मध्ये त्याला कॅनबेरा ही जेट विमाने मिळाली आणि बॉम्बफेकीचे काम लिबरेटरकडून गेले.

लोहगावशी या विमानाचे नाते अधिक काळ टिकले ते ६ क्रमांकाच्या पथकामुळे. मूळ पथक १९४२ मध्ये तिरुचिरापल्ली येथे मेहर सिंग यांच्या नेतृत्वाखाली उभे राहिले होते. फाळणीच्या वेळी ते मोडले. १ जानेवारी १९५१ रोजी पुण्यात लिबरेटर विमानांवर त्याची पुन्हा उभारणी झाली आणि त्याच्याकडे सागरी टेहळणीचे काम आले. हे काम लिबरेटरला नवे नव्हते. १९४३ मध्ये उत्तर अटलांटिकच्या मधल्या, किनाऱ्यावरून इतर विमाने पोचत नसलेल्या पट्ट्यात जर्मन पाणबुड्यांना हुडकून काढले ते दूर पल्ल्याच्या लिबरेटरनीच. भारताला किनारा लांब आणि नौदलाचे स्वतःचे दूर पल्ल्याचे विमान नाही, अशा स्थितीत मुंबईजवळच्या पुण्यात ठेवलेले हे पथक अरबी समुद्रावरचा पहारा करी, जहाजांचा माग ठेवी आणि नौदलाच्या सरावांत भाग घेई. बॉम्ब टाकण्यासाठी बांधलेले विमान अशा रीतीने आयुष्याची दुसरी पंधरा-सतरा वर्षे समुद्र न्याहाळण्यात घालवू शकले. एअर इंडियाकडून आलेली सुपर कॉन्स्टेलेशन विमाने १९६० नंतर याच पथकात दाखल झाली आणि ३१ डिसेंबर १९६८ रोजी लिबरेटर सेवेतून निवृत्त झाले.

संग्रहालयांतील विमाने : अमेरिकेने युद्धानंतर आपली हजारो लिबरेटर भट्टीत वितळवली. त्यामुळे धडधाकट लिबरेटर हवे असलेल्या कित्येक संग्रहालयांना भारताकडे यावे लागले. १९६८ मध्ये एक विमान ऑटावाच्या संग्रहालयाला मिळाले. १९६९ मध्ये भारताने ॲरिझोनातील पिमा संग्रहालयाला एक दिले. त्यावर आज ‘बंगे बकारू’ हे ४४६ व्या गटाची आठवण देणारे नाव रंगवलेले आहे. रॉयल एअर फोर्सच्या संग्रहालयाला १९७४ मध्ये भेट दिलेले विमान युद्धकाळात कोकोस बेटांवरील ९९ व्या पथकात होते आणि नंतर भारतीय ६ क्रमांकाच्या पथकात. भारतात बाद झालेला आणखी एक लिबरेटर इंग्लंडमार्गे १९८४ मध्ये अमेरिकेच्या कॉलिंग्ज फाउंडेशनकडे गेला. १९८९ पासून तो पुन्हा उडू लागला आणि पुढे त्याला रॅकहीथच्या ‘विचक्राफ्ट’चे नाव व रंग देण्यात आले. ही विमाने स्वतः कधी त्या इंग्लिश तळांवरून लढली नव्हती; त्यांची नोकरी युद्धकाळात पूर्वेकडील आघाडीवर आणि नंतर भारतात झालेली होती. भारतीय वाचकाला हे विमान दिल्लीच्या पालम येथील हवाई दलाच्या संग्रहालयात पाहता येते.

गोवा मुक्तिसंग्राम : डिसेंबर १९६१ मधील ‘ऑपरेशन विजय’साठी हवाई कारवाईची सूत्रे एअर व्हाइस मार्शल एर्लिक पिंटो यांच्याकडे होती आणि लोहगाव व बेळगावजवळचे सांबरा हे मुख्य तळ होते. १८ डिसेंबरच्या सकाळी विंग कमांडर एन. बी. मेनन यांच्या नेतृत्वाखाली पुण्याहून निघालेल्या १२ कॅनबेरा विमानांनी गोव्यातील दाबोळीच्या धावपट्टीवर ६३,००० पौंड (सुमारे २८.५ टन) बॉम्ब टाकले. त्यानंतर विंग कमांडर सुरिंदर सिंग यांच्या आठ कॅनबेरांचा दुसरा हल्ला झाला. इमारती व नियंत्रण मनोरा वाचवण्याचा हुकूम होता आणि तो पाळला गेला. धावपट्टीची घाईने डागडुजी करून पोर्तुगीजांची दोन प्रवासी विमाने त्याच रात्री कराचीकडे निसटली. पुढे १९७६ मध्ये लोहगावच्या ६ क्रमांकाच्या पथकातील सुपर कॉन्स्टेलेशन नौदलाकडे सोपवण्यात आली, तेव्हा त्यांचे ठाणे दाबोळीच ठरले.

जेट युग : कॅनबेराखेरीज व्हॅम्पायर, तुफानी व हंटर ही विमाने लोहगावने पाहिली. १९९७ मध्ये रशियाकडून आलेली सुखोई-३० विमाने प्रथम येथेच हवाई दलात सामील झाली आणि २००२ मध्ये त्यांची सुधारलेली ‘एमकेआय’ आवृत्ती २० क्रमांकाच्या पथकाला मिळाली. तळ नैर्ऋत्य हवाई कमांडच्या अखत्यारीत आहे.

नागरी विमानतळ व नागरीकरण : पुण्याचा प्रवासी विमानतळ हवाई दलाच्याच धावपट्टीवर चालतो. सुमारे २,५३५ मी. लांबीची ही पट्टी लष्करी व नागरी विमानांना वाटून घ्यावी लागते. त्यामुळे उड्डाणांच्या वेळांवर मर्यादा येते; धावपट्टीच्या दुरुस्तीसाठी २०२०-२१ मध्ये रात्रीची उड्डाणे थांबवावी लागली होती. नव्या प्रवासी इमारतीचे उद्घाटन मार्च २०२४ मध्ये झाले आणि जुलैपासून ती वापरात आली. विमानतळाला जगद्‌गुरू संत तुकाराम महाराजांचे नाव देण्याच्या प्रस्तावाला राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली.

गावाचा उरलेला भाग ऑक्टोबर २०१७ मध्ये महानगरपालिकेत समाविष्ट झाला. खराडी व विमाननगरमधील माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांमुळे शेतजमिनींवर गृहसंकुले उभी राहिली. पाणी, रस्ते व सांडपाण्याच्या सोयी त्या वेगाने वाढल्या नाहीत. तळाभोवती इमारतींच्या उंचीवर निर्बंध असून बांधकामाला हवाई दलाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. नागरी वाहतुकीचा भार हलका करण्यासाठी पुरंदर तालुक्यात स्वतंत्र विमानतळाची योजना आखण्यात आली आहे. तो झाल्यावरही लोहगावची धावपट्टी हवाई दलाकडेच राहणार आहे.