कापरेकर स्थिरांक (६१७४)

चार अंकी संख्यांच्या एका विशिष्ट वजाबाकीत अखेरीस हाती येणाऱ्या ६१७४ या पूर्णांकास ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणतात. नाशिक जिल्ह्यातील देवळाली येथील शाळाशिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–८६) यांनी १९४६ मध्ये हा गुणधर्म शोधून काढला.

सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक प्रथम उतरत्या व नंतर चढत्या क्रमाने मांडून मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा करावी व उत्तरावर हीच क्रिया पुनःपुन्हा करावी. उत्तर तीन अंकी आल्यास डावीकडे शून्य लिहून ते चार अंकी करावे. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ ही संख्या मिळते आणि ७६४१ − १४६७ = ६१७४ असल्यामुळे पुढे ती बदलत नाही. उदा., कापरेकर यांचे जन्मवर्ष १९०५ घेतल्यास ९५१० − ०१५९ = ९३५१ आणि त्यापुढे क्रमाने ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ व ६१७४ या संख्या येतात; म्हणजे येथे सातही वजाबाक्या लागतात.

याचे कारण अंकांच्या मांडणीत आहे. उतरत्या क्रमाने अंक अ, ब, क, ड असल्यास वजाबाकी ९९९ (अ − ड) + ९० (ब − क) इतकी येते. दोन्ही कंसांतील किंमती मर्यादित असल्याने पहिल्या पायरीनंतर केवळ ५४ उत्तरे संभवतात व ती सर्व तपासून गुणधर्म पूर्णपणे सिद्ध करता येतो.

कापरेकर यांनी मुंबई विद्यापीठाची पदवी १९२९ मध्ये मिळविली. पदव्युत्तर शिक्षण त्यांनी घेतले नव्हते. देवळाली येथे १९३० ते १९६२ पर्यंत अध्यापन करीत असतानाच त्यांनी आपले संख्याविषयक संशोधन केले. ६१७४ चा गुणधर्म त्यांनी १९४९ मध्ये मद्रास येथील गणित परिषदेत मांडला व पुढे न्यूयॉर्कच्या ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. असे गुणधर्म संख्येपेक्षा तिच्या दशमान लेखनावर अवलंबून असतात, म्हणून अनेक गणितज्ञांनी ते क्षुल्लक मानले. मार्टिन गार्डनर यांनी मार्च १९७५ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील आपल्या सदरात कापरेकर यांच्या कार्याचा परिचय करून दिला, तेव्हा त्यांचे नाव जगभर पोहोचले.

आक्षेप खरा असला, तरी दशमान पद्धतीतही असा स्थिरांक दुर्मिळच आहे. तीन अंकी संख्यांसाठी तो ४९५ आहे. दोन अंकी संख्या ०९, ८१, ६३, २७, ४५ या चक्रात फिरत राहतात, तर पाच अंकी संख्यांची तीन निरनिराळी चक्रे होतात. सर्व संख्यांना एकाच शून्येतर संख्येवर आणणारे स्थिरांक दशमान पद्धतीत ४९५ व ६१७४ हे दोनच आहेत, असे प्रिचेट, लडिंग्टन व लापेंटा यांनी १९८१ मध्ये सिद्ध केले.

आपल्या अंकांच्या बेरजेने निःशेष भागल्या जाणाऱ्या संख्यांना कापरेकर यांनी ‘हर्षद’ असे नाव दिले होते. ६१७४ च्या अंकांची बेरीज १८ असून ६१७४ = १८ × ३४३; म्हणजे ही संख्या हर्षदही आहे. शिवाय भागाकार ३४३ हा ७ चा घन आहे.