मोटर आंधळी होते तेव्हा

ई-सायकल बंद पडली की पहिलं वाक्य ठरलेलं असतं : "मोटर गेली." नाक्यावरचा मेकॅनिक तेच म्हणतो, सोसायटीतले काकाही तेच म्हणतात. खरं तर मोटर एवढ्या सहजासहजी जात नाही. आत असतं काय, तर तांब्याची तार, लोखंड आणि चुंबक. मग बंद पडतं काय? ह्याचं उत्तर शोधायला १४० वर्षं मागे जावं लागतं. चहा घेऊन बसा :)

१८८१ च्या एप्रिलमध्ये गुस्ताव त्रूवे नावाच्या फ्रेंच कारागिराने इंग्लंडमध्ये बनलेल्या तीनचाकीला विजेची मोटर आणि बॅटऱ्या जोडल्या आणि पॅरिसच्या रस्त्यावर ती चालवून दाखवली. मग ३१ डिसेंबर १८९५ ला अमेरिकेत ऑग्डेन बोल्टन ज्युनियर ह्यांना पेटंट मिळालं, क्रमांक ५,५२,२७१. त्यातलं चित्र बघितलंत तर चक्रावून जाल. बॅटरी फ्रेमच्या त्रिकोणात टांगलेली, मोटर मागच्या चाकाच्या हबमध्ये. आज शोरूममध्ये उभी असलेली सायकल आणि हे चित्र, आराखडा जवळपास तोच!

फरक आहे तो मोटरच्या पोटात. बोल्टनच्या मोटरला सहा पोल होते, आणि ब्रश व कम्युटेटर होते. मोटर सतत फिरती ठेवायची तर करंटची दिशा नेमक्या वेळी बदलावी लागते. पण नेमकी वेळ कळणार कशी? कम्युटेटर हा तांब्याच्या तुकड्यांचा गोल, तो फिरणाऱ्या भागालाच बसवलेला. चाक कुठे पोचलंय हे त्याला वेगळं सांगावंच लागत नाही. ब्रश झिजले, ठिणग्या उडाल्या, तांबं काळं पडलं, तर बिघाड डोळ्यांना दिसतो. पॉलिश पेपर मारा, ब्रश बदला, गाडी चालू.

मग ही सायकल शंभर वर्षं कुठे अडकली? शिशाच्या बॅटऱ्या जड, चुंबक कमजोर, आणि पेट्रोल इंजिन जोरात. मधली वर्षं सोडून देऊ.

आता एक आडवळण. १८७९ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात २३ वर्षांचा एडविन हॉल सोन्याच्या पातळ वर्खातून करंट सोडून त्याला चुंबकासमोर धरत होता. वर्खाच्या दोन कडांमध्ये त्याला अगदी किंचित व्होल्टेज सापडलं. इलेक्ट्रॉनचा शोध लागायला अजून १८ वर्षं होती! हाच तो हॉल इफेक्ट. चुंबक जवळ आहे की नाही, हे स्पर्श न करता सांगणारा.

१९६२ मध्ये विल्सन आणि ट्रिकी ह्यांनी एक पेपर मांडला : कम्युटेटरचं काम सेमिकंडक्टर स्विचवर सोपवायचं. ब्रश नाहीत, म्हणजे झीजही नाही. १९८० च्या दशकात निओडिमियम चुंबक आले, १९९१ मध्ये सोनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली, १९९३ मध्ये यामाहाने जपानमध्ये 'पास' ही पेडल-असिस्ट सायकल विकायला काढली. गाडी मार्गी लागली.

पण ह्या सौद्यात एक गोष्ट बदलली. जुन्या मोटरला आपण कुठे आहोत हे आपोआप कळायचं. नव्या मोटरच्या कंट्रोलरला ते सांगावं लागतं. ते सांगतात मोटरमधले तीन हॉल सेन्सर. तीन सेन्सर म्हणजे तीन बिट, म्हणजे आठ स्थिती. त्यातल्या सहाच वैध. ००० आणि १११ कधीच येऊ नयेत, आले तर कंट्रोलर हात वर करतो. म्हणजे मोटर ठणठणीत, पण आंधळी!

गेल्या पावसाळ्यात ऑफिसमधल्या एका मित्राची सायकल अशीच झाली. कधी चालू व्हायची, कधी नुसते हिसके द्यायची. दुकानात निदान झालं, "मोटर बदला." खर्च ऐकून तो सायकल भंगारात काढायच्या बेतात होता. आम्ही शनिवारी मल्टिमीटर घेऊन बसलो. क्रम साधा ठेवला, सोप्यापासून अवघडाकडे.

आधी बॅटरी : ३६ व्होल्टचा पॅक पूर्ण चार्ज झाल्यावर ४२ च्या आसपास हवा, आणि लोड दिल्यावर एकदम कोसळायला नको. मग ब्रेक : लीव्हरमधला कट-ऑफ स्विच अडकला तर कंट्रोलरला वाटतं ब्रेक दाबलाय. चाक उचलून धरून त्याचा कनेक्टर काढून बघायचा. मग बॅटरी काढून ठेवून चाक हाताने फिरवायचं. जड जातंय? मोटरच्या तीन जाड वायर कंट्रोलरपासून सोडवा. आता हलकं झालं तर कंट्रोलरमधले मॉस्फेट शॉर्ट झालेत. तरीही जडच, तर दोष मोटरकडे.

इथवर सगळं ठीक. शेवटी हॉल सेन्सर. बॅटरी जोडून लाल-काळ्या वायरीत ५ व्होल्ट बघितले, मग चाक अगदी हळू फिरवत पिवळी, हिरवी, निळी तपासली. प्रत्येकीवर ० आणि ५ आलटून पालटून यायला हवेत. कंट्रोलरच्या बाजूने पिवळी ५ वरच चिकटलेली. एक बिट कायमचा १, म्हणजे फेरीत कुठेतरी १११ येणारच! चाक कुठे थांबलंय त्यावर नशीब, म्हणून 'कधी चालू, कधी हिसके'. कनेक्टर उघडला तर एका पिनवर हिरवा गंज. साफ केला, नीट बसवला, पाणी जाणार नाही असा बांधला. खर्च शून्य. तो सोमवारी सायकलवर ऑफिसला.

सेन्सर खरंच गेला असता तरी तो तुकडा दोन-तीन वडापावांच्या किमतीत मिळतो. मेहनत आहे ती हब उघडून सोल्डरिंग करण्याची.

दुकानदाराला मी खलनायक करणार नाही. बोल्टनच्या काळात बिघाड डोळ्यांना दिसायचा, आता तो एका बिटमध्ये लपतो. आणि बिट बघायची सवय ज्यांना नाही त्यांना अख्खी मोटर बदलणं हाच सोपा मार्ग. आपल्याला मात्र ती सवय आहे. रोज ऑफिसात लॉग वाचून तेच तर करतो. मग आपल्या सायकलसाठी अर्धा तास का नको?

असो. पुढच्या वेळी कुणी "मोटर गेली" म्हणालं, तर आधी विचारा, "गेली, की तिला दिसत नाहीये?"