स्थळ, आई आणि सतरा वर्षांची नायिका

आशियाई-अमेरिकन लेखिकांनी कुमारवयीन वाचकांसाठी लिहिलेल्या प्रेमकादंबऱ्या वाचताना एक गोष्ट लवकरच ध्यानात येते. कथानक मुलगा आणि मुलगी यांच्याभोवती फिरत असले, तरी खरा हिशेब आई आणि मुलगी यांच्यातच चाललेला असतो. 'हलकेफुलके वाचन' म्हणून हा प्रकार बाजूला सारण्याची घाई आम्हांला म्हणूनच पटत नाही.

या हिशेबाला इतिहास आहे. १९६५ च्या कायद्याने अमेरिकेतील स्थलांतरावरची राष्ट्रनिहाय बंधने सैल झाली आणि आशियातून डॉक्टर, इंजिनिअर यांची कुटुंबे तेथे स्थिरावली. निघतानाचा मायदेश त्यांनी मनात जसाच्या तसा जपला. मागे राहिलेली शहरे मात्र बदलत गेली. त्यांच्या मुली सतरा वर्षांच्या झाल्या तेव्हा शतक उलटत होते.

तनुजा देसाई हिदियर यांची 'बॉर्न कन्फ्यूज्ड' २००२ साली आली. न्यू जर्सीत वाढलेल्या डिंपल लालाला आईने सुचवलेले स्थळ, म्हणजे जुन्या मैत्रिणीचा मुलगा कर्ष, अर्थातच नको असते. पुढे तोच न्यूयॉर्कच्या क्लबात डीजे म्हणून भेटतो आणि आवडू लागतो. परंतु आम्हांला महत्त्वाचे वाटते ते वेगळेच. हातात कॅमेरा घेऊन जग पाहणाऱ्या या मुलीला आपली आई एके काळी नर्तकी होती, हे उशिरा उमगते. आईलाही तारुण्य होते, हा शोध प्रेमात पडण्याहून मोठा ठरतो.

पंधरा वर्षांनी, २०१७ मध्ये, संध्या मेनन यांच्या 'व्हेन डिंपल मेट रिशी'ने तोच साचा हसतखेळत वापरला. संगणकाच्या शिबिराला आलेल्या नायिकेला, घरच्यांनी परस्पर ठरवलेला रिशी 'भावी पत्नी' म्हणून हाक मारतो आणि ती हातातली थंड कॉफी त्याच्यावर फेकते. कादंबरी खुसखुशीत आहे, यात वाद नाही. तरीही दोन्ही डिंपलच्या कथांत एक पळवाट आहे: आईची निवड शेवटी बरोबर निघते. ती चुकीची असती तर? मुलीने कोणता रस्ता धरला असता? हा प्रश्न त्या गोड शेवटाखाली गडप होतो.

ग्लोरिया चाओ यांच्या 'अमेरिकन पांडा'त (२०१८) ती पळवाट नाही. तैवानी आईवडिलांची मेई लू सतराव्या वर्षी एमआयटीत शिकते. तिने डॉक्टर व्हावे, तैवानी मुलाशीच लग्न करावे, हे घरात ठरलेले; तिला मात्र नृत्याची ओढ आणि जपानी वंशाचा डॅरन आवडतो. घराने नाकारलेला थोरला भाऊ समोर असल्यामुळे अवज्ञेची किंमत तिला आधीच ठाऊक आहे. प्रकरणांमधून येणारे आईचे ध्वनिसंदेश वाचताना प्रथम हसू येते. मग कळते, की ही बाई स्वतःही सासूच्या धाकात आयुष्यभर वाकलेली सून आहे. जाच सोसणाऱ्या सुनेचा धाक पुढे मुलीवर उतरतो, हे मराठी वाचकाला वेगळे समजावून सांगायला नको. सबीना खान यांच्या 'द लव्ह अँड लाइज ऑफ रुखसाना अली'त (२०१९) तर, मुलीवर प्रेम करणाऱ्या नायिकेला ढाक्यात नेले जाते आणि तिथे आजीची रोजनिशी तिच्या हाती लागते.

नर्तकी आई, ध्वनिसंदेशांतली सून, रोजनिशीतली आजी. मॉरीन गू यांनी 'थ्रोबॅक'मध्ये (२०२३) याहून धीट वाट धरली. आई प्रिसिलाशी कडाक्याचे भांडण झालेली कोरियन-अमेरिकन समांथा थेट १९९५ सालात जाऊन पडते, आईच्याच शाळेत. तिथे प्रिसिला तिच्याच वयाची आहे, शाळेत मिरवायला उत्सुक आहे आणि घरी स्वतःच्या आईशी तितक्याच कडाक्याने भांडते आहे. प्रेमप्रकरण याही पुस्तकात आहे, पण आम्ही पाने उलटत राहिलो ती या दोन सतरा वर्षांच्या मुली एकमेकींशी काय बोलतात, ते ऐकण्यासाठी.