शेकात ऊब नसते

आपल्याकडे कॅन्सरच्या रेडिएशनला अजूनही बरेच जण ‘शेक’ म्हणतात. कुणी ‘लाइट दिली’ म्हणतं. ऐकताना वाटतं, आत काहीतरी भाजून काढलं जातंय. पण हिशोब मांडला तर वेगळंच दिसतं.

रेडिएशनचा डोस ‘ग्रे’मध्ये मोजतात. शरीराच्या एका किलोमागे एक ज्यूल ऊर्जा शोषली गेली की एक ग्रे. सगळ्या शरीराला एकदम 4 ते 5 ग्रे मिळाले आणि उपचार झाले नाहीत, तर निम्मी माणसं काही आठवड्यांत दगावतात. आणि 4 ग्रेने अंगाचं तापमान किती वाढतं? अंशाचा जेमतेम हजारावा भाग. गरम चहाच्या एका घोटात याहून जास्त उष्णता असते.

मग मारतं काय? ती ऊर्जा पडते ती जागा. एक्स-रे आणि गॅमा किरण अणूंमधले इलेक्ट्रॉन उडवून लावतात. पेशीत बहुतेक पाणीच असतं. ते फुटून हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतात आणि डीएनएवर तुटून पडतात. एका ग्रेमागे एका पेशीत डीएनएचा एकच धागा तुटण्याच्या सुमारे हजार घटना होतात, दोन्ही धागे एकाच जागी तुटण्याच्या तीस-चाळीस. एक धागा तुटला तर समोरचा बघून दुरुस्ती होते, बॅकअप शाबूत असलेल्या फाइलसारखी. दोन्ही तुटले की जोडणी चुकू शकते. अशी पेशी सहसा लगेच मरत नाही, विभाजनाची वेळ आली की मरते. क्वचित चूक घेऊन जगते आणि अनेक वर्षांनी तीच कॅन्सरचं बीज ठरू शकते.

1906 मध्ये बेर्गोनिए आणि त्रिबोंदो या फ्रेंच शास्त्रज्ञांनी नियम मांडला: सतत विभागणाऱ्या पेशींवर किरणांचा मारा जास्त बसतो. म्हणून आतड्याचं अस्तर, अस्थिमज्जा, केसांची मुळं यांना आधी झळ लागते. पुढे पॅरिसमध्ये क्लोद रेगो यांनी एडक्यांवर प्रयोग केले. एकाच बैठकीत मोठा डोस देऊन एडका निर्बीज करायला गेलं, की वृषणावरची कातडी जळून जाई. डोस अनेक दिवसांत विभागला, तर एडका निर्बीज होई आणि कातडीही तगे. दोन डोसांमधल्या वेळात निरोगी पेशी स्वतःला सावरतात. कॅन्सरच्या पेशींना ते तितकं जमत नाही. आजचा रोजचा छोटा शेक याच निरीक्षणातून आला.

आता धाराशिवकडे येऊ. 1987 मध्ये बार्शीला देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. तिच्यात बार्शीबरोबर आपले भूम आणि परंडा हे तालुकेही होते. बायकांमध्ये सर्वाधिक सापडला तो गर्भाशयमुखाचा कॅन्सर. 1999 पासून टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त हॉस्पिटलच्या साथीने या जिल्ह्यातल्या 30 ते 59 वयाच्या सुमारे 1 लाख 31 हजार बायकांचा अभ्यास झाला. 2009 मध्ये निष्कर्ष छापून आले. एकदाच एचपीव्ही तपासणी झालेल्या 34 हजारांच्या गटात या कॅन्सरने 34 मृत्यू झाले. तपासणी न दिलेल्या 31 हजारांच्या गटात 64. जगभरच्या तपासणी धोरणांत या आकड्यांचा दाखला दिला जातो. त्या दुसऱ्या गटाला तपासणीविना ठेवणं योग्य होतं का, हा वादही पुढे झाला आणि तो व्हायलाच हवा होता. ते 64 आकडे आपल्याच गावांतल्या बायका होत्या.

उशिरा सापडलेल्या या आजारात शेक हाच मुख्य आधार असतो. आठवड्याला पाच दिवस, सुमारे पाच आठवडे बाहेरून, मग आतून. सगळं आठ आठवड्यांत संपायला हवं. मध्ये खंड पडला तर उरलेल्या कॅन्सर पेशी पुन्हा झपाट्याने वाढतात. रक्तही हवं, कारण ऑक्सिजन कमी पोचलेली गाठ किरणांना दाद देत नाही. ज्यांच्या नावाने डोस मोजतो त्या ग्रे यांनीच सहकाऱ्यांसह 1953 मध्ये हे दाखवलं. म्हणून डॉक्टर हिमोग्लोबिनकडे लक्ष ठेवतात.

पेशींचं हे वेळापत्रक पक्कं आहे. पण दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन कारखान्यावर जाणाऱ्या बाईचं वेळापत्रक मुकादमाच्या उचलीवर ठरतं. दोन महिने रोज दवाखाना म्हणजे दोन महिन्यांची मजुरी, एसटीचं भाडं, सोबत येणाऱ्याचाही खाडा. चार दिवस बरं वाटलं की शेक मध्येच सुटतो, तो इथे.

तुमच्या घरात कुणाचा शेक चालू असेल, तर त्या तारखा सांभाळा. आणि आई, मावशी, काकू तिशीच्या पुढे असतील, तर एकदा तपासणीला घेऊन जा. कॅन्सर होण्याआधीची अवस्था सापडली, तर ती जागा गोठवून किंवा छोट्या प्रक्रियेने काढून काम भागतं. शेकाची वेळच येत नाही.