रॉबर्ट एमेटची खासगी पत्रे

आयरिश क्रांतिकारक रॉबर्ट एमेट (४ मार्च १७७८–२० सप्टेंबर १८०३) याने अखेरच्या दिवसांत लिहिलेली पत्रे आणि त्याची प्रेयसी सारा करन हिने त्याला पाठवलेली पत्रे. एमेटची कीर्ती मुख्यतः न्यायालयातील त्याच्या भाषणावर उभी आहे. पण ते भाषण इतरांनी टिपून घेतलेले असून त्याचे पाठ परस्परांशी जुळत नाहीत. यांतली त्याची पत्रे खुद्द त्याच्या हातची असल्याने त्याचे मन जाणून घेण्यासाठी तीच अधिक विश्वसनीय ठरतात.

२३ जुलै १८०३ रोजी डब्लिनमध्ये एमेटने केलेला उठाव एका रात्रीत फसला. सारा जवळच रॅथफार्नम येथे राहत असल्याने तो देश सोडून गेला नाही. २५ ऑगस्टला हॅरल्ड्स क्रॉस येथे तो पकडला गेला, तेव्हा तिची पत्रे त्याच्यापाशी सापडली. त्यांवर सही नव्हती आणि चौकशीत त्याने लिहिणारीचे नाव सांगितले नाही. ते फुटले त्याच्याच पत्रातून. किल्मेनमच्या तुरुंगातून त्याने एका पहारेकऱ्यावर भरवसा ठेवून साराला पत्र धाडले. ते थेट अधिकाऱ्यांच्या हाती पडले. करन कुटुंबाच्या घराची झडती सुरू असताना साराच्या बहिणीने एमेटची बरीच पत्रे आगीत टाकली. म्हणजे प्रेमपत्रांतला मोठा भाग घरच्यांनीच, साराला वाचवण्यासाठी, नष्ट केला. त्याबद्दल त्यांना दोष देता येत नाही.

साराचे वडील जॉन फिलपॉट करन हे बंडखोरांच्या बाजूने खटले लढवणारे नामांकित वकील होते. या प्रकारानंतर त्यांनी एमेटचे वकीलपत्र सोडले. त्यांच्या जागी आलेल्या वकिलांपैकी लेनर्ड मॅकनॅली सरकारचा पगारी खबऱ्या होता, हे पुढे उघड झाले. साराची पत्रे न्यायालयात वाचली जाऊ नयेत म्हणून एमेट गुन्हा कबूल करायलाही तयार होता.

खटल्यानंतर एमेटला फाशी देण्यात आली. त्या दिवशी त्याने लिहिलेल्या पत्रांत साराचा भाऊ रिचर्ड याला लिहिलेले पत्र सर्वांत हृदयद्रावक आहे. त्यात राजकारण जवळजवळ नाहीच. आपल्यामुळे तिच्या वाट्याला आलेल्या दुःखाची बोच ओळीओळीत आहे. थोरला भाऊ टॉमस अ‍ॅडिस याला लिहिलेल्या पत्रात त्याने साराला बहीण मानण्याची विनंती केली होती. ते पत्र सरकारने अडवून ठेवले. आयर्लंडचा मुख्य सचिव विल्यम विकम याने आपल्याला सौम्यतेने वागवले, म्हणून एमेटने त्याचेही पत्राने आभार मानले. त्या पत्राने विकम आतून हादरला. ज्या कायद्यांची अंमलबजावणी आपण करतो ते अन्यायकारक आहेत, अशी त्याची खात्री पटली आणि १८०४ च्या प्रारंभी त्याने पद सोडले.