मुंबईची थोरली शेजारीण : वसई

घाट उतरला की गोवा, हे गुंजीच्या माणसाला सांगावे लागत नाही. आपल्या घराघरांतून कोणी ना कोणी कामधंद्यासाठी खाली गेलेले असते. पण याच गोव्याच्या पोर्तुगीज सत्तेचे उत्तरेकडचे मुख्य ठाणे दोनशे वर्षे वसईत होते, आणि ते उखडले गेले त्या लढाईत आपल्या या मुलखाचाही हात होता, हे फारसे कोणी सांगत नाही. आपल्याकडची बरीच कुटुंबे आज विरार-नालासोपाऱ्यात स्थायिक आहेत. त्यांच्या पत्त्यात वसई हा तालुका म्हणून येतो. त्या तालुक्याचा इतिहास यंदाच्या स्मरणिकेत द्यावा असे आम्हांला वाटले.

वसई मुंबईच्या उत्तरेला, खाडीपलीकडे आहे. उल्हास नदीचे पाणी ज्या खाडीने समुद्राला मिळते तिच्याच मुखाशी वसईचा किल्ला उभा आहे. तीन बाजूंना पाणी व दलदल, एका बाजूला जमीन. गाव जुने, पण त्याहून जुने शेजारचे सोपारे, म्हणजे प्राचीन शूर्पारक बंदर. 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी तिथे बौद्ध स्तूप उकरून काढला, आणि अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही त्याच साली मिळाला. मुंबईची सात बेटे कोळ्यांची जाळी वाळवत होती तेव्हा सोपाऱ्यात परदेशांची गलबते लागत होती.

1534 मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने पोर्तुगीजांना वसई दिली. त्याच देण्यात मुंबईची बेटेही गेली. आज ऐकून हसू येईल, पण तेव्हा मुंबई ही वसईच्या कारभारातली एक किरकोळ बाब होती. गोव्याखालोखाल मान वसईचा, तिला ‘उत्तरेची राजधानी’ म्हणत. दहा बुरुजांचा तट, आत चर्च, मठ, सरदारांचे वाडे. 1661 मध्ये पोर्तुगालच्या राजकन्येच्या लग्नात मुंबई इंग्लंडच्या राजाला आंदण गेली, तेव्हा हे बेट सोडायला तिथले पोर्तुगीज तयार नव्हते. प्रत्यक्ष ताबा मिळायला 1665 उजाडले. वसईच्या पदरचे पोर असे परक्या घरी गेले आणि पुढे तेच डोईजड झाले.

मराठ्यांची मोहीम 1737 मध्ये ठाणे-साष्टीपासून सुरू झाली. ठाणे पडले, वसई मात्र राहिली. 1739 च्या फेब्रुवारीत चिमाजी आप्पांनी तिला निकराचा वेढा घातला. दलदलीतून मोर्चे पुढे सरकवायचे, तटाखाली सुरुंग खणायचे, वरून पडणारा मारा सोसायचा, असे तीन महिने चालले. वसई मिळत नसेल तर माझे मस्तक तरी तोफेने किल्ल्यात जाऊन पडू दे, असे आप्पा म्हणाल्याची आख्यायिका शाळेच्या पुस्तकातून सर्वांना ठाऊक आहे. आमच्या मते त्या वाक्यापेक्षा तटाखाली सुरुंग खणणाऱ्या अनामिकांची गोष्ट मोठी आहे. सुरुंगांनी बुरुज ढासळले आणि 16 मे 1739 रोजी किल्ल्याने शरणागती पत्करली.

आता आपल्या मुलखाची गोष्ट. वसईला मदत येणार ती गोव्याहून, समुद्रमार्गे. म्हणून पेशव्यांनी त्याच वर्षाच्या आरंभी इचलकरंजीचे व्यंकटराव घोरपडे आणि नरगुंदचे दादाजी भावे यांना गोव्यावर उतरवले. व्यंकटराव हे बाजीराव-चिमाजींचे मेहुणे, अनुबाईंचे यजमान. या फौजेने मडगाव घेतले आणि रायतूरच्या किल्ल्याला वेढा घातला. स्वतःच्या अंगणात आग लागल्यावर विजरई उत्तरेकडे पुरेशी कुमक कुठून धाडणार? इचलकरंजी आपल्या निपाणीच्या पलीकडे, नरगुंद धारवाडच्या बाजूला. वसईचा विजय पुण्याच्या इतिहासात जमा झाला, सह्याद्री उतरून गोव्यात गेलेल्या या दक्षिणेच्या फौजेला मात्र त्यात दोन ओळींहून जास्त जागा मिळत नाही. ही उणीव आम्हांला खटकते.

मुंबईकर इंग्रजांचे वागणे या प्रसंगी पाहण्यासारखे होते. वेढ्यात सापडलेल्या वसईने मदत मागितली, तर त्यांनी चर्चची चांदी आणि पितळी तोफा तारण घेऊन पंधरा हजार रुपये कर्ज दिले. वसई पडल्यावर लगेच, त्याच जुलैत, मराठ्यांशी तहही करून टाकला. सावकारी शेजार म्हणतात तो हा.

तहाच्या अटी उदार होत्या. शिबंदीला शस्त्रांसह, वाजतगाजत बाहेर पडू दिले, जाणाऱ्यांना चीजवस्तू नेण्याची मुभा दिली आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला धर्मस्वातंत्र्य दिले. चर्चच्या घंटा मात्र मराठे घेऊन गेले. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातील घंटेवर 1721 आणि वाईजवळच्या मेणवलीतील घंटेवर 1707 हे साल आजही वाचता येते. वज्रेश्वरीचे देऊळ चिमाजींनी नवसपूर्तीसाठी बांधले.

त्याच वसईत पुढे मराठी राज्याच्या गळ्यात फास पडला. यशवंतराव होळकरांकडून हडपसरला मार खाऊन दुसरे बाजीराव कोकणात उतरले, समुद्रमार्गे वसईला आले आणि 31 डिसेंबर 1802 रोजी इंग्रजांच्या तैनाती फौजेचा तह त्यांनी स्वीकारला. चुलतआजोबांनी तीन महिने झुंजून घेतलेल्या जागी नातवाने एका सहीत स्वातंत्र्य दिले. त्याचा शेवट आपल्याकडेही झाला. 1818 च्या एप्रिलमध्ये मन्रोने बेळगावचा किल्ला घेतला.

तहानंतरची वसई शांत, बागायती. केळी, पानवेली, फुले, भाजी. राजेळी केळी उन्हात वाळवून केलेली सुकेळी ज्याने खाल्ली तो वसईला विसरत नाही. 1864 मध्ये खाडीवर रेल्वेचा पूल झाला आणि ही सगळी हिरवाई मुंबईच्या बाजारात जाऊ लागली. आधी भाजी गेली, मग नोकरीसाठी माणसे गेली, आणि शेवटी मुंबईच इकडे राहायला आली. 2011 च्या जनगणनेत वसई-विरार शहराची लोकसंख्या बारा लाखांवर होती. वाड्यांतल्या विहिरींचे गोडे पाणी टँकर भरभरून उपसले गेले आणि खाऱ्या पाण्याची भीती उभी राहिली. 1990 च्या सुमारास बागायतीच्या जमिनी बांधकामाला मोकळ्या होऊ लागल्या, तेव्हा हरित वसई संरक्षण समितीचे आंदोलन उभे राहिले. त्याचे नेतृत्व एका धर्मगुरूने केले, फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी.

फादर दिब्रिटो म्हणजे मराठीचे लेखक, ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक. जानेवारी 2020 मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. 2024 च्या जुलैत ते गेले. आडनाव पोर्तुगीज, धर्म ख्रिस्ती, भाषा मराठी. वसईतील सामवेदी आणि वाडवळ ख्रिस्ती समाज असाच आहे. दोनशे वर्षे राज्यकर्त्यांची भाषा पोर्तुगीज होती, पण घरात सामवेदी किंवा वाडवळीच बोलली गेली. त्या राजवटीचे शब्द, म्हणजे पाव, बटाटा, चावी, पगार, आपल्या शेतात वापरतो ते घमेले, हे मराठीने पचवले, पण बोली सुटली नाही. कडोली, उचगाव, कुद्रेमनीला दरवर्षी खेड्यात साहित्य संमेलने भरवणाऱ्या आपल्या भागाला याचे मोल वेगळे समजावून सांगायला नको.

आणखी एक गोष्ट आपल्याला ओळखीची वाटेल. 3 जुलै 2009 रोजी चार नगरपालिका आणि 53 गावे मिळून वसई-विरार महानगरपालिका झाली. अनेक गावांना शहरात जायचे नव्हते. त्यांनी मोर्चे काढले, मार खाल्ला. 2011 मध्ये शासनाने 29 गावे वगळायचे ठरवले, तो निर्णय न्यायालयात अडकला, आणि 2024 मध्ये ती गावे महापालिकेतच ठेवण्याची अधिसूचना निघाली. त्यांचा प्रश्न शहराचा आणि आपला राज्याचा, दोन्ही एका मापाने मोजू नयेत. पण 1 नोव्हेंबर 1956 ला कागदावर ओढलेल्या रेघेने ज्यांची गावे न विचारता दुसऱ्या राज्यात गेली आणि ज्यांचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, त्यांना ग्रामसभांचे ठराव हातात घेऊन बसलेली वसईची माणसे परकी वाटणार नाहीत.

कोणी वसईला गेलेच तर वसई रोड स्टेशनवरून किल्ल्याकडे जाणारी बस धरावी. जमिनीकडच्या दरवाज्याने आत शिरावे, छप्पर नसलेल्या चर्चच्या भिंती डाव्या-उजव्या हाताला ठेवत सरळ चालावे आणि समुद्राकडच्या दरवाज्याने किल्लाबंदरला बाहेर पडावे. तिथे कोळ्यांच्या होड्या लागलेल्या असतात, काठ्यांवर बोंबील वाळत असतात आणि समोर खाडीपलीकडे मुंबई दिसते.