विदर्भाला ५२ वर्षं समुद्र होता, मग आरमार का नव्हतं? आणि असतं तर कसं असतं?

अमरावती जिल्ह्यातल्या तिवसा तालुक्यात वर्धा नदीच्या काठावर कौंडण्यपूर आहे. रुक्मिणीचं माहेर, जुन्या विदर्भाची राजधानी, दरवर्षी पंढरपूरला पालखी जाते ते गाव. इथून कुठल्याही बाजूचा समुद्र शेकडो किलोमीटर लांब. त्यामुळे ‘विदर्भाचं आरमार’ असं म्हटलं की समोरचा आधी हसतो.

पण विषय हसण्यावारी नेण्यासारखा नाही. १७५१ ते १८०३ अशी तब्बल ५२ वर्षं नागपूरकर भोसल्यांकडे बंगालच्या उपसागराचा किनारा होता. रघूजी भोसल्यांनी बंगालवर दहा वर्षं स्वाऱ्या केल्या. शेवटी १७५१ मध्ये नवाब अलीवर्दी खानाने तह केला. सुवर्णरेखा नदीपर्यंतचा ओडिशा भोसल्यांच्या ताब्यात आला आणि वर वर्षाला १२ लाख रुपये चौथ ठरली. कटक, पुरी, बालेश्वर, चिल्का सरोवर, सगळं नागपूरच्या अंमलाखाली.

एवढा किनारा हातात असून आंग्र्यांसारखं आरमार मात्र तिथे उभं राहिलं नाही.

हाच तो ‘जर-तर’. पर्यायी इतिहास लिहिणारे, गेम बनवणारे, काल्पनिक देशांचे नकाशे काढणारे हौशी लोक अशाच जागा शोधत असतात. मराठीला हा प्रकार नवा नाही. जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत पानिपतावर विश्वासराव वाचतात आणि पुढचा सगळा इतिहास बदलतो. हीच कथा ‘द ॲडव्हेंचर’ या नावाने अकरावीच्या इंग्रजीच्या पुस्तकात अनेकांनी वाचली असेल. त्यात एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. नारळीकर शंभर गोष्टी बदलत नाहीत. एकच गोळी चुकते.

मग भोसल्यांच्या आरमारासाठी कोणती गोळी चुकवायची?

सगळ्यात सोयीचं वर्ष आहे १७८०. पेशवे, हैदर अली, निजाम आणि भोसले यांनी मिळून इंग्रजांना चारही बाजूंनी दाबायचं ठरवलं होतं. बंगालची बाजू भोसल्यांची. मुधोजी भोसल्यांनी मुलगा चिमणाजी याला मोठी फौज देऊन कटकला पाठवलंही. पण वॉरन हेस्टिंग्जने पैसे मोजले आणि फौज बंगालवर गेलीच नाही. उलट १७८१ मध्ये कर्नल पिअर्सची इंग्रज पलटण याच ओडिशातून चालत मद्रासच्या मदतीला गेली.

आता पुढची गंमत बघा. १७८२ मध्ये सुफ्राँ नावाचा फ्रेंच दर्यासारंग याच उपसागरात आला आणि इंग्रजांच्या ताफ्याशी दीड वर्षात पाच लढाया लढला. त्याची मोठी अडचण होती हक्काच्या तळाची. ऑगस्टअखेर श्रीलंकेतलं त्रिंकोमाली हाती येईपर्यंत त्याच्याकडे या बाजूला धड बंदर नव्हतं. समजा चिमणाजीने पैसे नाकारले आणि फ्रेंचांना पाणी, लाकूड, धान्य देऊ केलं, बदल्यात तोफा आणि जहाज बांधणारे कारागीर मागितले. बस, एवढा एक बदल पुरे.

आधी पाणी मोजा, मग जहाज काढा

काल्पनिक आरमार बनवणाऱ्यांची ठरलेली चूक म्हणजे सुरुवातच जहाजापासून करणं. तीन डोलकाठ्या, शंभर तोफा, वर भगवा. चित्र एकदम भारी दिसतं, पण ते जहाज उभं कुठे करणार?

बालेश्वरजवळच्या चांदीपूरला गेलात तर ओहोटीला समुद्र काही किलोमीटर मागे गेलेला दिसतो. (हो, क्षेपणास्त्रांच्या चाचण्या होतात तेच चांदीपूर.) किनारा उथळ, नद्यांच्या मुखाशी वाळूचे दांडे, चिल्का तर त्याहून उथळ. त्या काळच्या ७४ तोफांच्या युरोपियन युद्धनौकेला सहा मीटरच्या आसपास पाणी लागायचं. म्हणजे ती बालेश्वरच्या नदीत शिरलीच नसती. फ्रेंचांनाही इथे बंदर मिळालं नसतं, मिळाली असती ती फक्त किनाऱ्यापासून लांब नांगर टाकायची जागा.

कोकणात हे गणित आधीच सुटलं होतं. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त आरमारावर वेगळं प्रकरण आहे. त्यात गुराबा मध्यम आकाराच्या ठेवा, वाऱ्याशिवाय हलणार नाहीत अशा अवाढव्य करू नका, असं बजावलं आहे. गुराब म्हणजे दोन-तीन डोलकाठ्यांचं, पुढच्या टोकाला तोफा असलेलं जहाज. गलबत त्याहून लहान, शीड आणि वल्ही दोन्हींवर चालणारं. वारा पडला की गलबतं गुराबेला ओढत शत्रूच्या मागच्या बाजूला नेऊन सोडायची, कारण तिथे त्याच्या तोफा कमी. आंग्र्यांनी याच पद्धतीने कंपनीला जेरीस आणलं होतं.

ओडिशाच्या उथळ पाण्याला हाच नमुना बसतो. समजा, ८ गुराबा आणि ४० गलबतं. गुराबेवर १५० आणि गलबतावर ६० माणसं धरली तर होतात ३,६००. एवढ्या माणसांत युरोपियन पद्धतीची मोठी जहाजं जेमतेम सहा चालली असती, आणि ती सहाही बंदराबाहेरच ताटकळली असती.

आता या ताफ्याचं काम काय? इंग्रजांचं आरमार बुडवणं हे नक्कीच नाही. कलकत्त्याला जाणारी जहाजं हुगळीतल्या वाळूच्या दांड्यांमधून वाट दाखवणाऱ्या पायलटची वाट बघत बालेश्वरसमोर नांगर टाकून थांबायची. कंपनीचा श्रीमंत माल भोसल्यांच्या दारात उभा! ती जागा धोक्याची करून सोडणं, हे पहिलं काम. दुसरं काम चिल्काचं तोंड अडवणं. ते का, ते पुढे येईल.

लाकूड आहे, पण नदी चुकीच्या गावाला जाते

इथे नकाशा खरा अडतो. मेळघाटात साग आहे, चांद्याकडे तर उत्तम साग आहे. वर्धा, वैनगंगा, प्राणहिता आणि पुढे गोदावरी असा पाण्याचा रस्ताही आहे. कौंडण्यपूरला वर्धेत सोडलेलं पान तत्त्वतः बंगालच्या उपसागरात पोचतं. गोदावरीच्या मुखाशी कोरिंगाला जहाजंही बांधली जायची. पण तो सगळा किनारा १७६५-६६ पासूनच कंपनीकडे गेलेला. म्हणजे विदर्भाचा साग वाहत वाहत थेट शत्रूच्या गोदीत!

त्यामुळे लाकडासाठी महानदीकडे वळावं लागतं. छत्तीसगड भोसल्यांकडे होतं आणि महानदी तिथून निघून कटकला येते. वाटेत सालाचं जंगल आहे. सालाचं लाकूड मजबूत, पण जड आणि घडवायला त्रासाचं. सागाचं जहाज किती टिकतं याचा पुरावा आजही तरंगतोय. मुंबईत १८१७ मध्ये सागात बांधलेलं ‘ट्रिंकोमाली’ हे जहाज इंग्लंडमधल्या हार्टलपूलला उभं आहे. भोसल्यांच्या सालाच्या गुराबांकडून एवढी अपेक्षा नको. शिवाय या किनाऱ्याला चक्रीवादळं ठरलेली. कोरिंगाची १७८९ मध्ये अशाच वादळात वाताहत झाली. ऑक्टोबर आला की हा ताफा नदीत आत ओढून ठेवावा लागला असता. म्हणजे वर्षातले काही महिने आरमार कागदावरच.

माणसांची अडचण मात्र कमी. हा किनारा समुद्राला घाबरणारा नाही. कटकला कार्तिक पौर्णिमेला भरणारी बालीजत्रा जुन्या सागरी सफरींची आठवण म्हणूनच साजरी होते. खलाशी ओडिया आणि तेलुगू, तोफांवर काही फ्रेंच, हिशेबाला नागपूरचे कारकून. कोकणातून कोणाला बोलवायचं तर १७५६ मध्ये खुद्द पेशव्यांनीच इंग्रजांना सोबत घेऊन विजयदुर्गावर तुळाजी आंग्र्यांचं आरमार संपवलेलं. त्यातले लोक पुढच्या २५ वर्षांत पांगले असणार.

आणि पैसा? सगळ्यात सोपं उत्तर म्हणजे किनाऱ्यावरचं मीठ आणि बंदरांची जकात. पण आज्ञापत्र नेमकं हेच करू नका म्हणतं. आरमाराचा खर्च बंदराच्या उत्पन्नावर टाकला की आरमारवाले व्यापाऱ्यांना पिळतात आणि बंदरच उठतं. खर्च जमिनीच्या वसुलावर टाका. म्हणजे हा बोजा येणार वऱ्हाडच्या काळ्या मातीवर. तिथला वसूल निजाम आणि भोसले वाटून घ्यायचे, त्याला दोअमली म्हणत. एकाच शेतकऱ्याकडे दोन सरकारांचे वसूलदार, त्यात आता न पाहिलेल्या समुद्रासाठी तिसरा. पर्यायी इतिहास लिहिणारे हे पान सहसा गाळतात, पण आरमार टिकणार की मोडणार हे इथेच ठरतं.

१८०३ ला काय झालं असतं?

खऱ्या इतिहासात सप्टेंबर १८०३ मध्ये इंग्रज दोन बाजूंनी आले. एक तुकडी समुद्रातून बालेश्वरला उतरली. मुख्य फौज गंजामहून निघाली, चिल्का आणि समुद्र यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवरून चालत माणिकपटणजवळ पाणी ओलांडून १८ सप्टेंबरला पुरीत पोचली. कटकचा बाराबती किल्ला १४ ऑक्टोबरला पडला. दोन्ही ठिकाणी इंग्रजांना पाणी पार करावं लागलं आणि दोन्ही ठिकाणी पाण्यात अडवायला कोणी नव्हतं. माणिकपटणला वीस गलबतं उभी असती तर पुरी इतक्या स्वस्तात गेली नसती.

तरी युद्ध जिंकलं असतं का? अवघड आहे. कारण निकाल समुद्रावर लागला नाही, वऱ्हाडात लागला. २९ नोव्हेंबरला आजच्या अकोला जिल्ह्यातल्या आडगावला भोसल्यांची फौज हरली. १५ डिसेंबरला चिखलदऱ्याजवळचा गाविलगड पडला, किल्लेदार बेनीसिंग लढता लढता मेला. १७ डिसेंबरला देवगावचा तह झाला. त्यात बालेश्वर बंदरासकट कटक प्रांत गेला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूखही गेला. म्हणजे भोसल्यांनी समुद्र आणि कौंडण्यपूर एकाच कागदावर गमावलं, कारण गाव नदीच्या पश्चिम काठावर आहे.

मग या काल्पनिक देशाच्या आरमाराचं पुढे काय होणार? त्याचं उत्तर जगात खरोखर आहे. बोलिव्हियाने १८७९ ला सुरू झालेल्या युद्धात चिलीकडून आपला किनारा गमावला. आजही त्या देशाचं नौदल आहे. ते टिटिकाका सरोवरात आणि नद्यांवर गस्त घालतं आणि दर २३ मार्चला तिथे समुद्राचा दिवस पाळला जातो.

विदर्भाच्या नदी-आरमाराला मात्र वर्धा-प्राणहितेतले खडक आडवे आले असते. वऱ्हाड-नागपूरचा कापूस बोटींनी थेट समुद्रापर्यंत नेता यावा म्हणून आर्थर कॉटन यांच्या कल्पनेतून इंग्रजांनी हा जलमार्ग खरंच करायला घेतला होता. गोदावरी-प्राणहितेवर तीन ठिकाणी खडकांचे मोठे अडथळे होते. त्यातला पहिला दुम्मागुडेमचा, शेवटचा देवलमरीचा. बरीच वर्षं काम चाललं, पैसा ओतला गेला. तोवर रेल्वे वऱ्हाडात आली होती आणि कापूस मुंबईला जाऊ लागला होता. १८७१ मध्ये काम बंद करण्यात आलं.